ब्रिटनमधल्या जुन्या छोट्या रेल्वेवर स्वयंसेवक व्हायचंय? इथून सुरुवात करा

माझे आजोबा कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपमध्ये फिटर होते. ‘बार्शी लाइट’ हे नाव आमच्या घरात एखाद्या नातेवाइकाच्या नावासारखं घेतलं जायचं. लग्न करून इंग्लंडला आले तेव्हा त्या गाडीचे रूळ उखडून मोठी लाइन झालेली होती आणि आजोबाही नव्हते. वेल्सच्या सीमेवर फिरायला गेले असताना एका छोट्या स्टेशनात रुळांची रुंदी पाहून पाय थबकले. तोच अडीच फुटांचा गेज! नंतर वाचलं तेव्हा संबंध कळला. बार्शी लाइट उभारणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. १८९७ मध्ये त्याने बार्शी रोड (म्हणजे आताचं कुर्डुवाडी) ते बार्शी ही लाइन सुरू केली आणि त्या अनुभवाच्या जोरावर इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरला लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे केली. ती १९०४ ला सुरू झाली आणि १९३४ ला बंद पडली.

त्याच हिवाळ्यात मी जवळच्या एका छोट्या वारसा रेल्वेच्या शेडमध्ये जायला लागले. आता सहा हिवाळे झाले. सुरुवातीला कुणी मराठीतून चार गोष्टी सांगितल्या असत्या तर माझं पहिलं वर्ष चाचपडण्यात गेलं नसतं. म्हणून हे लिहिते आहे. रेल्वेचं नाव देत नाही, कारण बहुतेक छोट्या रेल्वेंवर पद्धत हीच असते.

१. आधी हे काय प्रकरण आहे ते समजून घ्या

वेल्समधली टॅलिलिन ही स्वयंसेवकांनी वाचवलेली जगातली पहिली रेल्वे. ऑक्टोबर १९५० मध्ये बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा झाली, संस्था निघाली आणि १४ मे १९५१ ला स्वयंसेवकांनी पहिली गाडी सोडली. पगारी माणसं अगदी मोजकी, बाकी सगळे सुट्टीच्या दिवशी येणारे शिक्षक, कारकून, विद्यार्थी. आज देशात अशा शंभराहून जास्त रेल्वे आहेत. वेल्शपूल अँड लानवेअर ही त्यातलीच एक, आणि तीही अडीच फुटी. १९०३ ला सुरू झाली, १९३१ ला प्रवासी गाड्या थांबल्या, १९५६ ला मालगाडीही बंद झाली आणि १९६३ मध्ये स्वयंसेवकांनी ती पुन्हा चालू केली. तिची मूळची दोन इंजिनं, ‘द अर्ल’ आणि ‘द काउंटेस’, मँचेस्टरच्या बेयर पीकॉक कारखान्यात १९०२ मध्ये बनलेली आहेत.

हे सांगण्याचं कारण असं की लोकांना वाटतं, आपण तिकडे गेलो की इंजिनावर चढायचं. प्रत्यक्षात दहापैकी नऊ तास गंज खरवडणं, लाकूड तासणं, ग्रीस पुसणं, रुळांखालचे स्लीपर बदलणं यात जातात. तुम्हाला ते आवडणार असेल तर पुढे वाचा. मला ते फार आवडतं.

२. रेल्वे निवडा, आणि निवडताना अंतर बघा

सर्वांत प्रसिद्ध रेल्वे निवडू नका, घरापासून सव्वा तासाच्या आतली निवडा. दोन तासांचा प्रवास असेल तर तिसऱ्या महिन्यात जाणं सुटतं, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. शेडमध्ये कौशल्यापेक्षा नियमितपणाला मोल आहे. महिन्यातून दोन ठरलेले शनिवार येणारी व्यक्ती वर्षातून एकदा सलग पंधरा दिवस येणाऱ्यापेक्षा उपयोगी पडते, कारण कामं सोडल्या जागी पुन्हा सापडतात.

एकदा साधी प्रवासी म्हणून जा. तिकीट काढा, चहा घ्या, आणि डब्यांच्या शेडच्या दारात उभं राहून विचारा, ‘इथे मदत करायची असेल तर कुणाशी बोलू?’ बऱ्याच रेल्वेंवर आठवड्यातल्या एका ठरावीक दिवशी निवृत्त लोकांची टोळी येते. पुनर्बांधणीचं खरं काम त्या दिवशी चालतं. नोकरी करणाऱ्यांनी शनिवार-रविवारची टोळी आहे का ते विचारावं. आणि शक्य असेल तर नोव्हेंबर ते मार्च या काळात सुरुवात करा. उन्हाळ्यात सगळे गाड्या चालवण्यात गुंतलेले असतात, नव्या माणसाला शिकवायला कुणाला सवड नसते.

३. व्हिसा तपासल्याशिवाय हातात पाना घेऊ नका

हा मुद्दा इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाही, पण आपल्या लोकांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. कायमस्वरूपी राहण्याची परवानगी असेल तर प्रश्नच नाही. नोकरीच्या व्हिसावर असाल तर बिनपगारी स्वयंसेवा चालते. विद्यार्थी व्हिसावर मात्र ‘व्हॉलंटियरिंग’ आणि ‘व्हॉलंटरी वर्क’ या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. दुसऱ्या प्रकारात ठरलेल्या वेळा आणि बंधनं असतात, ते काम धरलं जातं आणि तुमच्या आठवड्याच्या कामाच्या तासांत मोजलं जातं. तुमचं काम कुठल्या प्रकारात बसतं ते विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

मुलांकडे भेटीच्या व्हिसावर आलेल्या आई-बाबांनाही हे जमू शकतं. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी, एकूण ३० दिवसांपर्यंत, आणि येण्याचा मुख्य हेतू तो नसावा. म्हणून ती रेल्वे धर्मादाय म्हणून नोंदलेली आहे की नुसती कंपनी आहे, ते आधी पाहा. माझे सासरे दोन आठवडे आले होते. गिरणीत आयुष्य गेलेला माणूस. लेथ पाहिल्यावर त्यांचा चेहरा जो उजळला तो मी अजून विसरलेले नाही.

४. सभासदत्व, अर्ज आणि कागदपत्रं

बहुतेक ठिकाणी आधी वार्षिक वर्गणी भरून संस्थेचं सभासद व्हावं लागतं. विम्यासाठीही ते सोयीचं असतं. सोबत ठेवा:

– फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
– तातडीच्या वेळी संपर्क करायच्या दोन व्यक्तींची नावं, त्यातली एक ब्रिटनमधली
– चालू औषधांची यादी आणि आरोग्याबद्दलचं निवेदन
– शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ती तारीख
– वेल्डिंग, वीज, सुतारकाम, फोर्कलिफ्ट यांपैकी काही शिकला असाल तर त्याचं प्रमाणपत्र

आरोग्याच्या फॉर्मवर काही लपवू नका. मधुमेह, फिट, रंग ओळखण्यातली अडचण यामुळे तुम्हाला कुणी घरी पाठवत नाही, फक्त काम त्याप्रमाणे देतात. सिग्नलचे रंग ओळखावे लागतात त्या कामांसाठी डोळ्यांची तपासणी होतेच. शेडमधल्या सुतारकामाला ती अट नसते.

यानंतर सुरक्षिततेची ओळख करून देतात आणि रुळांवर वावरण्याचं छोटं प्रशिक्षण होतं. त्यात ‘गाडी येत नाही’ असं कधीही गृहीत धरू नये, रुळाच्या डोक्यावर पाय देऊ नये, दोन डब्यांच्या मधून शिरू नये, अशा गोष्टी सांगतात. ऐकताना सोप्या वाटतात. लिहून घ्या, कारण त्यावर प्रश्न विचारतात.

५. कपडे

बोटांवर पोलादी टोपी असलेले बूट आणि सुती ओव्हरऑल, एवढ्या दोन गोष्टींवर पैसे खर्च करा. ओव्हरऑल शंभर टक्के सुतीच हवा, कारण नायलॉनमिश्रित कापडावर ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. झळाळणारं जाकीट नारिंगी की पिवळं ते रेल्वेला विचारून घ्या. बहुधा तेच देतात. चष्मा, हातमोजे, धुळीचा मास्क शेडमध्ये मिळतात, पण हातमोजे स्वतःच्या मापाचे न्या. बायकांच्या मापाचे तिथे क्वचितच असतात आणि सैल हातमोजा ड्रिलजवळ धोक्याचा.

बायकांसाठी आणखी थोडं. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठी, लोंबते कानातले घरी काढून ठेवा. ओढणी किंवा मफलर नको, मफलरऐवजी गळ्याला घट्ट बसणारी लोकरी पट्टी घाला. केस बांधून टोपीत. घरच्यांना मंगळसूत्र काढणं खटकत असेल तर त्यांना फिरत्या लेथसमोर एकदा उभं करा.

६. पहिला दिवस

तुम्हाला चिंध्या, रॉकेलसारख्या वासाचा द्रव आणि ग्रीसने लडबडलेला एखादा भाग देतील आणि ‘हे स्वच्छ कर’ म्हणतील. मनापासून करा. तो भाग हातात फिरवताना त्याची भोकं, झीज, आटे, ठोकलेले आकडे ओळखीचे होतात. आजोबांना पहिलं वर्षभर हेच काम होतं, असं आई सांगते.

सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. ऐंशी वर्षांच्या, आयुष्यभर इंजिनं जुळवलेल्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारताना माझी जीभ अडखळायची. आदर तिथे दुसऱ्या वाटेने दाखवतात. सांगितलेलं एकदाच ऐकून लक्षात ठेवायचं, अवजार घेतलं तर पुसून त्याच खिळ्याला अडकवायचं, आणि चहाची पाळी चुकवायची नाही. काही कळलं नाही तर लगेच विचारा. उच्चार समजला नाही म्हणून मान डोलावणं ही आपली सवय तिथे धोक्याची ठरते. ‘पुन्हा सांगा’ म्हटल्यावर आजवर माझ्यावर कुणी चिडलेलं नाही.

७. खोलण्याआधी नोंद करा

या एका पायरीसाठी हा सगळा लेख लिहिला असं म्हटलं तरी चालेल.

डबा किंवा इंजिन खोललं की ते जोडायला कधी पाच, कधी पंधरा वर्षं लागतात. पैसे संपतात, माणसं बदलतात, काही जातात. खोलणारा आणि जोडणारा एक नसतो. म्हणून प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो घ्यायचा: आधी लांबून, मग जवळून, शेजारी पट्टी ठेवून. मग धातूची किंवा जाड प्लास्टिकची खूणचिठ्ठी तारेने बांधायची. कागदाची चिठ्ठी तेलात विरघळते, आणि दोऱ्याने बांधलेली उंदीर खातात. नट-बोल्ट, वायसर काढल्या क्रमाने एकाच पिशवीत, आणि शक्य असेल तर बोल्ट त्याच भोकात परत हाताने अडकवून ठेवायचा. जुन्या कामात प्रत्येक बोल्ट त्याच्या भोकासाठी बसवलेला असतो, शेजारच्या भोकात तो जाईलच असं नाही. वहीत तारीख, भाग, बाजू आणि दिशा लिहा. ‘डावी’ म्हणजे कुठून पाहिल्यावर डावी? आमच्याकडे पुढच्या टोकाकडे तोंड करून उभं राहिल्यावरची डावी, असं वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे.

दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. एका जुन्या डब्याच्या दाराची फळी घासायला घेतली होती. मागच्या बाजूचा मळ काढायला पॉलिश पेपर मारला आणि मग लक्षात आलं की त्या मळात पेन्सिलीची अक्षरं होती. सुताराने काम करताना लिहिलेली मापं असावीत, कदाचित नावही. अर्धी पुसली गेली. उरलेल्याचा फोटो काढला, पण गेलं ते गेलं. तेव्हापासून कुठलीही फळी उलटी केली की आधी तिरप्या टॉर्चच्या उजेडात पाहते, मगच हात लावते. तुम्हीही तसंच करा.

रंगाचंही तेच. डब्यावर रंगाचे दहा-बारा थर असतात. सगळा खरवडण्याआधी एका कोपऱ्यात पाण्याच्या पॉलिश पेपरने गोल घासत गेलात तर झाडाच्या वर्तुळांसारखे थर उघडे पडतात, आणि सर्वांत आतला रंग कोणता होता ते कळतं. इंजिनाच्या दांड्यांवर ठोकलेले आकडे तारेच्या चाकाने घासू नका. ‘द अर्ल’ आणि ‘द काउंटेस’ ग्रेट वेस्टर्न या रेल्वे कंपनीकडे गेल्यावर ८२२ आणि ८२३ झाली होती. एखाद्या सुट्या भागावर असा आकडा सापडला तर तो कुठल्या इंजिनाचा हे त्यावरूनच ठरतं.

८. इंच, मिलिमीटर आणि पाने

तुमच्या घरातला मिलिमीटरचा पान्यांचा संच घरीच ठेवा. जुन्या ब्रिटिश इंजिनांवर व्हिटवर्थचे आटे आहेत. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ठरवलेलं हे माप, आट्यांचा कोन ५५ अंशांचा. मिलिमीटरच्या आट्यांचा कोन ६० अंशांचा असतो, म्हणून हे दोन कधी जुळत नाहीत.

नवख्याचा गोंधळ पान्यावरच्या आकड्याने होतो. व्हिटवर्थच्या पान्यावर लिहिलेला आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नाही. ‘अर्धा’ लिहिलेल्या पान्याचं तोंड साधारण २३.४ मिलिमीटर असतं. त्यावर २४ चा पाना लावला तर बसल्यासारखा वाटतो, जोर दिला की निसटतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. शंभर वर्षांचा नट एकदा गोल झाला की छिन्नीशिवाय निघत नाही.

जाम झालेल्या नटावर आदल्या शनिवारी भेदक (आट्यांत झिरपणारं) तेल सोडून ठेवा. पुढच्या शनिवारी आधी किंचित घट्ट करायचा प्रयत्न करा, मग सैल. नाही हलला तर ज्याला गॅसने तापवता येतं त्याला बोलवा. पान्याला पाइप लावून लोंबकळू नका.

९. लाकूड आणि रंग

डब्यांचा सांगाडा बहुधा ॲशच्या लाकडाचा, बाहेरच्या फळ्या महोगनीच्या किंवा सागाच्या, मालडब्यांत ओक. ॲश लवचिक असतं पण पाणी लागलं की खालच्या टोकाला कुजतं. बाहेरून ठीक दिसणाऱ्या खांबात सुई सहज शिरते. कुजलेला तेवढाच भाग कापून नवा तुकडा सांध्याने जोडतात, पूर्ण खांब बदलत नाहीत, कारण जितकं मूळ लाकूड राहील तितका तो डबा तोच राहतो. कुणी ‘सगळंच नवं टाकू, लवकर होईल’ म्हणालं तर अनुभवी माणसाला विचारल्याशिवाय करवत चालवू नका.

पितळी स्क्रूंच्या खाचा एका रेषेत येतील अशा बसवायच्या. आधी मला ही नुसती हौस वाटली होती. पण खाच तिरपी दिसली की कुणीतरी नंतर तो स्क्रू हलवला हे लगेच कळतं.

रंगाला ब्रिटनचा हिवाळा मानवत नाही. थंड, दमट शेडमध्ये वार्निश मारलं की दुधासारखं पांढुरकं पडतं. म्हणून हिवाळ्यात लांबी (पुट्टी) भरणं, घासणं, प्रायमर, आणि शेवटचे हात वसंतात. चकचकीत वार्निशाच्या दिवशी शेड झाडू नये, हे कुणी सांगत नाही, गृहीत धरतात.

१०. जे डोळ्याला दिसत नाही

जुन्या बॉयलरभोवतीच्या वेष्टणात, डब्यांच्या हीटरजवळ, जुन्या डिझेल इंजिनात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रिटनमध्ये त्यावर १९९९ पासून पूर्ण बंदी आहे, पण वस्तू त्याआधीच्या आहेत. पांढरट-करडं, तंतूंचं, दोरीसारखं किंवा पुठ्ठ्यासारखं काही दिसलं तर झाडू नका, फुंकू नका, बाजूला व्हा आणि प्रमुखाला सांगा. ते काढायला परवानाधारक माणसं येतात.

जुन्या रंगात शिसं असतं. कोरडा घासू नका, जाळून काढू नका. ओला पेपर वापरा, जेवणाआधी हात साबणाने धुवा, आणि घरी लहान मूल असेल तर ओव्हरऑल शेडमध्येच काढून वेगळा धुवा. भांड्यांच्या बेसिनमध्ये नको.

११. बॉयलर

बॉयलरला हात लावायची घाई नको. दाबाच्या उपकरणांसाठी २००० सालचे नियम आहेत, त्यानुसार तज्ज्ञ निरीक्षकाच्या लेखी योजनेप्रमाणे तपासणी होते: थंड असताना आणि वाफेवर. साधारण दर दहा वर्षांनी बॉयलर चौकटीतून उचलून, नळ्या काढून पूर्ण तपासतात. म्हणून छोट्या रेल्वेवर एक इंजिन चालू आणि दुसरं वर्षानुवर्षं उघडं पडलेलं, हे चित्र नेहमीचं.

स्वयंसेवकाला यात मिळणारं काम म्हणजे बॉयलर धुणं. प्लग काढून दाबाच्या पाण्याने आतली खपली बाहेर काढतात, दांडीने कोपरे खरवडतात. गार, ओलं, तासन्‌तास चालणारं काम. पण टॉर्च लावून आत पाहिलं की फायरबॉक्स (आग पेटते ती पेटी), तिला धरून ठेवणारे शेकडो स्टे म्हणजे आधाराच्या दांड्या, आणि नळ्यांची रांग दिसते. आकृत्या पाहून मला जे कळलं नव्हतं ते त्या एका सकाळी कळलं.

१२. आणि मग इंजिन

वाट ठरलेली आहे: क्लीनर (इंजिन पुसणारा), मग परीक्षा देऊन बदली फायरमन, फायरमन (इंजिनाची आग सांभाळणारा), आणि पुढे ड्रायव्हर. प्रत्येक पायरीला फेऱ्यांची नोंदवही, नियमांची परीक्षा, निरीक्षकाची सही. ड्रायव्हर व्हायला दहा वर्षं लागली तर ती सामान्य गोष्ट आहे. ज्यांना ही वाट धरायची नाही त्यांना कुणी कमी लेखत नाही. आमच्याकडे एक बाई वीस वर्षं फक्त डब्यांच्या गाद्या शिवतात, आणि त्यांचा शब्द शेडमध्ये शेवटचा असतो.

क्लीनरच्या पाळीला पहाटे पाचला हजर व्हावं लागतं. लहान इंजिन थंड असेल तर वाफ धरायला तीन-चार तास लागतात. आदल्या रात्री गाडीत पेट्रोल भरून ठेवा, टॉर्चचे सेल बदला. शेडमध्ये शिरल्यावर पहिलं काम बॉयलरमधलं पाणी काचनळीत बघायचं. नळी उघडून, बंद करून, पाणी खरंच खालीवर होतं का ते पाहायचं, आणि ते दुसऱ्या कुणालाही दाखवायचं. त्यानंतरच काडी ओढायची. आग धरली की सगळे चहा करतात. जेवणाच्या डब्यात काहीतरी घरचं न्या. माझ्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सातच्या आत संपते.